कंबरदुखीवर रोजची वीस मिनिटे

मीरा-भाईंदर हे प्रवासावर जगणारे शहर आहे. २०११ च्या जनगणनेतच इथली लोकसंख्या आठ लाखांच्या पुढे गेली होती, आणि त्यानंतरही इमारती उभ्या राहतच आहेत. इथले असंख्य लोक रोज सकाळी लोकल पकडून अंधेरी, दादर, चर्चगेट गाठतात. भाईंदर ते चर्चगेट अंतर सुमारे ४३ किलोमीटर. तासाभराहून अधिक वेळ गर्दीत अंग चोरून उभे राहायचे, नाहीतर चौथ्या सीटवर कसेबसे टेकायचे. मग ऑफिसात आठ तास खुर्ची, आणि संध्याकाळी पुन्हा तीच गर्दी. जे लोकलने जात नाहीत त्यांचीही कंबर सुटलेली नाही. भाईंदर पूर्वेच्या स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यांत बफिंगच्या मशीनपुढे कामगार तासन्‌तास वाकलेले असतात. उत्तन-पालीच्या कोळणी मासळीच्या जड पाट्या उचलतात. रिक्षाचालक दिवसभर खड्ड्यांचे हादरे सोसतात. घरची बाई ओट्यापाशी उभी राहून, पाण्याच्या बादल्या उचलून आणि वाकून लादी पुसून संध्याकाळी कंबर धरून बसते.

या सगळ्यांना घरगुती सल्ले मिळतात ते साधारण सारखेच: आराम कर, वाकू नकोस, पट्टा लाव, मलम चोळ. सल्ल्यामागे माया असते, पण जुनाट कंबरदुखीत त्यातले बरेचसे उपयोगी पडत नाही आणि काही तर दुखणे लांबवते. गेल्या चाळीस वर्षांतले संशोधन वेगळे सांगते. सोसेल इतकी, नियमित आणि हळूहळू वाढत जाणारी हालचाल हा या दुखण्यावरचा सर्वांत भरवशाच्या उपायांपैकी एक आहे. त्याला जिमची फी लागत नाही आणि वन रूम किचनमध्ये सतरंजी पसरण्याइतकी जागा पुरते.

दुखते कशाने?

बारा आठवड्यांहून जास्त काळ टिकलेल्या कंबरदुखीला वैद्यक जुनाट म्हणते. या दुखण्याचा पसारा मोठा आहे. जागतिक आजारभाराच्या अभ्यासानुसार २०२० साली जगात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती, आणि २०५० पर्यंत हा आकडा ८४ कोटींच्या वर जाईल असा अंदाज आहे. माणसाला कामापासून दूर ठेवणाऱ्या दुखण्यांत कंबरदुखी जगात पहिली आहे.

यांतल्या बहुतेकांच्या, साधारण दहापैकी नऊ जणांच्या दुखण्यामागे हाडमोड, गाठ, जंतुसंसर्ग असे ठराविक कारण सापडत नाही. तरीही एमआरआयच्या कागदावर काहीतरी लिहिलेले असते, आणि ‘मणक्यात गॅप आलीय’, ‘गादी सरकलीय’, ‘नस दबलीय’ ही वाक्ये घरात शिरतात. इथे एक अभ्यास प्रत्येक रुग्णाला माहीत असायला हवा. २०१५ साली ब्रिन्जिकजी आणि सहकाऱ्यांनी कंबर अजिबात न दुखणाऱ्या ३,११० लोकांच्या तपासण्यांची माहिती एकत्र केली. विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या मणक्यांमधल्या चकत्यांमध्ये, म्हणजे गाद्यांमध्ये, झीज दिसली. पन्नाशीत हे प्रमाण ८० टक्के होते आणि ऐंशीच्या वयात ९६ टक्के. चकती थोडी फुगलेली दिसण्याचे प्रमाणही विशीत ३० टक्के, तर पन्नाशीत ६० टक्के निघाले. म्हणजे केस पिकावेत तशी ही झीज बहुतांशी वयाची खूण आहे. अहवालातला शब्द वाचून कंबर कायमची गेली असे समजण्याचे कारण नाही.

मग दुखणे खोटे असते का? मुळीच नाही. दुखणे महिनोन्‌महिने राहिले की मज्जासंस्था अतिसावध होते आणि साध्या वाकण्यालाही धोक्याची सूचना देऊ लागते. माणूस घाबरून वाकणे सोडतो, चालणे कमी करतो, स्नायू दुबळे होतात, आणि मग थोड्याशा कामानेही कंबर पेटते. पेशींना इजा नसतानाही दुखणे चालू राहते. अपुरी झोप, कामाचा ताण, नोकरीची चिंता या गोष्टी ते वाढवतात. दुखण्याचे हे चक्र तोडण्याची जागा हालचाल हीच आहे.

मणका आणि त्याला धरणारे स्नायू

मान ते कंबर अशा आपल्या पाठीत हलणारे २४ मणके असतात. त्यांतले शेवटचे पाच कमरेचे. शरीराच्या वरच्या भागाचा भार त्यांच्यावर येतो. दोन मणक्यांमधल्या चकतीला प्रौढ वयात थेट रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. तिचे पोषण आजूबाजूच्या द्रवातून झिरपून होते, आणि भार पडणे व उतरणे, म्हणजेच हालचाल, त्या झिरपण्याला मदत करते. रात्री आडवे झाल्यावर चकत्या पाणी शोषून फुगतात. सकाळी आपली उंची संध्याकाळपेक्षा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर जास्त भरते ती यामुळेच.

मणक्यांची ही उभी रांग एकटी स्वतःला पेलू शकत नाही. उत्तनच्या किनाऱ्यावरच्या होडीची डोलकाठी चहूबाजूंनी ताणलेल्या दोरांमुळे उभी राहते, तसेच हे काम आहे. पोटाचा सर्वांत आतला आडवा स्नायू कमरेला पट्ट्यासारखा वेढतो. मणक्यांलगतचे छोटे स्नायू एकेका मणक्याला धरतात. वर श्वासपटल, खाली ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आणि मागे नितंबांचे भरदार स्नायू. या सगळ्यांना मिळून आज ‘कोअर’ म्हणतात. पोटावर ‘सिक्स पॅक’ दिसण्याशी त्याचा फारसा संबंध नाही.

१९९६ साली ऑस्ट्रेलियातल्या हॉजेस आणि रिचर्डसन यांनी दाखवले, की निरोगी माणसाने हात उचलायच्या क्षणभर आधीच पोटाचा तो आतला स्नायू आवळला जातो. कंबरदुखी असलेल्यांमध्ये मात्र त्याला उशीर होतो. कोअर व्यायामांची आजची लाट बरीचशी या निरीक्षणातून उठली. दुसरीकडे खुर्ची आहे. तासन्‌तास बसणाऱ्याच्या मांडीचे पुढचे व मागचे स्नायू आखडल्यासारखे होतात, नितंबांना काम उरत नाही आणि वाकताना सगळा भार कमरेवर येतो. म्हणून आखडलेले सैल करायचे आणि सैल पडलेले बळकट करायचे, असा या व्यायामाचा दुहेरी हेतू आहे.

पलंगावरची विश्रांती का मागे पडली

कंबर धरली की आठवडाभर सक्त विश्रांती, ही एकेकाळी डॉक्टरांचीही रीत होती. १९८६ साली अमेरिकेत डेयो आणि सहकाऱ्यांनी २०३ रुग्णांपैकी काहींना दोन दिवस, तर काहींना सात दिवस झोपून राहायला सांगितले. दोन दिवसांचा गट बरा होण्यात मागे पडला नाही, आणि त्यांचे कामाचे खाडे मात्र ४५ टक्क्यांनी कमी झाले. १९९५ साली हेलसिंकीमध्ये आणखी पुढची गोष्ट दिसली. कंबर नुकतीच धरलेल्यांपैकी झोपून राहिलेल्यांपेक्षा सोसेल तितकी रोजची कामे करत राहिलेले लवकर सावरले.

व्यायामाच्या इतिहासात एक योगायोगही आहे. १९५६ साली न्यूझीलंडमध्ये रॉबिन मॅकेन्झी या फिजिओथेरपिस्टच्या दवाखान्यात कंबर आणि पाय दुखणारा एक रुग्ण डोक्याकडची बाजू उचललेल्या टेबलावर चुकून पालथा झोपला. कंबर मागे वाकलेल्या त्या स्थितीत काही मिनिटे राहिल्यावर त्याच्या पायातले दुखणे गेले. मॅकेन्झींनी पुढे त्यावर आख्खी उपचारपद्धती उभारली. आपल्याला ती स्थिती पाहताच भुजंगासन आठवेल. महाराष्ट्रात तोवर आसनांचा अभ्यास चांगला रुजला होता. श्री योगेंद्र यांची योग संस्था १९१८ पासूनची. पुढे ती सांताक्रूझला स्थिरावली. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापून आसनांचा शरीरावरचा परिणाम प्रयोगशाळेत तपासायला सुरुवात केली. पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगार यांनी पट्टे, लाकडी ठोकळे, दोर आणि खुर्च्या वापरून अशी सोय केली, की ताठर शरीराच्या माणसालाही आसन जमावे. कंबरदुखीच्या रुग्णांसाठी हे मोठेच काम होते.

सरस कोण: योग, स्ट्रेचिंग की कोअर?

हा प्रश्न अनेकांना पडतो, आणि त्याचे उत्तर दिलासा देणारे आहे. २०११ साली अमेरिकेत जुनाट कंबरदुखीच्या २२८ जणांना तीन गटांत विभागले. एका गटाला योगवर्ग, दुसऱ्याला स्ट्रेचिंगचे वर्ग, तिसऱ्याला फक्त माहितीचे पुस्तक. बारा आठवड्यांनी दोन्ही वर्गांतले लोक पुस्तकवाल्यांपेक्षा बरे होते. योग आणि स्ट्रेचिंग यांच्यात मात्र फरक निघाला नाही. २०२१ साली कॉक्रेन या संस्थेने २४९ चाचण्यांचा आढावा घेतला. व्यायाम न करणाऱ्यांपेक्षा करणाऱ्यांचे दुखणे १०० पैकी सरासरी १५ गुणांनी कमी झाले होते. कोअर व्यायामांचा फायदा सुरुवातीला थोडा लवकर दिसतो, पण वर्षभराच्या हिशेबात तो इतर चांगल्या व्यायामांइतकाच भरतो.

म्हणून एखादाच व्यायाम चमत्कार करतो असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. १५ गुणांची सरासरी म्हणजे दुखणे पुसले जाणे असेही नाही. पण तेवढ्यानेच कित्येकांना पुन्हा उभ्याने प्रवास करता येतो, मुलाला उचलून घेता येते, रात्रीची झोप लागते. तुमच्याच्याने वर्षभर होईल तो व्यायाम तुमच्यासाठी सर्वांत चांगला.

वीस मिनिटांचा क्रम

पुढचा क्रम सतरंजीवर करायचा आहे. उठल्या उठल्या करू नका. चकत्या तेव्हा फुगलेल्या असतात आणि खोल वाकणे त्यांना जड जाते. पहिला अर्धा-पाऊण तास जाऊ द्या, किंवा संध्याकाळी घरी आल्यावर करा. श्वास कुठेही कोंडू नका.

१. मार्जारासन. हात आणि गुडघे टेकून घोड्यासारखे व्हा. पाठ सावकाश वर गोल करा, मग खाली सैल सोडा. आठ-दहा वेळा. हे ताणण्यासाठी नाही, सांधे मोकळे होण्यासाठी आहे.

२. गुडघा छातीशी. उताणे झोपा, एक गुडघा दोन्ही हातांनी छातीकडे घ्या, २० ते ३० सेकंद थांबा. मग दुसरा. दोन-दोन वेळा.

३. मांडीची मागची बाजू. उताणे झोपूनच एका तळव्याला ओढणी किंवा टॉवेल अडकवा आणि पाय वर घ्या. गुडघा किंचित वाकलेला चालेल. मांडीमागे ताण जाणवला की ३० सेकंद थांबा. पोटरीत किंवा पावलात मुंग्या आल्या तर पाय खाली घ्या.

४. मांडीची पुढची बाजू. एक गुडघा जमिनीवर उशीवर टेका, दुसरे पाऊल पुढे. टेकलेल्या बाजूचे नितंब आवळून शरीर थोडे पुढे न्या. जांघेपाशी ताण यायला हवा, कमरेत कळ येता कामा नये. ३० सेकंद, दोन्ही बाजू. खुर्चीत दिवस काढणाऱ्यांनी हा व्यायाम चुकवू नये.

५. सेतुबंधासन. उताणे, गुडघे वाकवलेले, पावले जमिनीवर. नितंब आवळून कंबर उचला, पाच सेकंद थांबा, सावकाश खाली या. दहा वेळा.

पुढचे तीन व्यायाम कॅनडाच्या वॉटर्लू विद्यापीठातील स्टुअर्ट मॅकगिल यांच्या शिफारशीतले आहेत. मणक्यावर कमी भार टाकून कोअरला भरपूर काम देणे हा त्यांचा गुण.

६. उलट हात-पाय. पुन्हा घोड्यासारखे व्हा. उजवा हात पुढे आणि डावा पाय मागे सरळ करा. कंबर हलू देऊ नका. दहा सेकंदांनी बाजू बदला. प्रत्येक बाजूला पाच-सहा वेळा.

७. कुशीवरचा पूल. कुशीवर झोपा, कोपर आणि वाकवलेले गुडघे टेकून कंबर उचला. दहा सेकंद, प्रत्येक बाजूला तीन ते पाच वेळा. ताकद आली की गुडघ्यांऐवजी पावलांवर.

८. अर्धे उठणे. उताणे झोपा, एक गुडघा वाकवा, दोन्ही तळहात कमरेच्या पोकळीखाली ठेवा. डोके आणि खांदे जेमतेम जमिनीवरून सुटतील इतकेच उचला. आठ-दहा सेकंद थांबून खाली या. शाळेत करायला लावत तसे पूर्ण उठून बसण्याचे सिट-अप जुनाट कंबरदुखीत टाळलेले बरे.

पुढे वाकल्यावर ज्यांचे दुखणे वाढते आणि मागे झुकल्यावर हलके होते, त्यांनी शेवटी पालथे झोपून कोपरांवर दोन मिनिटे राहावे. जमेल तसे पुढे भुजंगासनापर्यंत जावे. उतारवयात ज्यांना उभे राहिल्यावर पाय भरून येतात आणि बसल्यावर बरे वाटते, त्यांना मात्र मागे झुकणे मानवत नाही. त्यांनी क्रमांक २ चा, गुडघा छातीशी घेण्याचा व्यायाम वाढवावा.

सुरुवातीला थोडे दुखेल. दहापैकी तीन-चारपर्यंतचे आणि दुसऱ्या दिवशी पूर्ववत होणारे दुखणे चालते. कंबरेतले दुखणे पायात उतरू लागले, तर तो व्यायाम थांबवा. पायातले दुखणे कंबरेकडे सरकू लागले तर ते बहुधा सुधारण्याचे लक्षण असते. पहिले दोन आठवडे फरक जाणवला नाही म्हणून सोडू नका. सहा आठवड्यांत कंबर हलकी होऊ लागते, आणि नीट मोजमाप तीन महिन्यांनीच करावे.

लोकल, ऑफिस, ओटा, कारखाना

वीस मिनिटांच्या व्यायामावर उरलेल्या दिवसाने पाणी ओतता कामा नये. आदर्श बैठक अशी कुठलीच नसते. कुठलीही स्थिती फार वेळ टिकली की त्रास देते. लोकलमध्ये उभे असाल तर भार एका पायावरून दुसऱ्यावर टाकत राहा, गुडघे ताठ करून ठेवू नका, आणि पाठीवरची सॅक पुढे घ्या. बसायला मिळाले तर कंबरेमागे गुंडाळलेला रुमाल ठेवा. ऑफिसात दर अर्ध्या तासाने उठा. फोनवरचे बोलणे उभ्याने करा. ओट्यापाशी एक पाऊल आळीपाळीने पाटावर ठेवले तर कंबरेला आराम पडतो. बफिंग करणाऱ्याने आणि रिक्षा चालवणाऱ्याने तासाला एकदा उभे राहून, हात कंबरेवर ठेवून पाच-सहा वेळा मागे झुकावे. मासळीची पाटी किंवा पाण्याची बादली उचलताना ती अंगाजवळ घ्या, नितंब मागे नेऊन गुडघे वाकवा, आणि उचलतानाच वळू नका. पाटी जड असेल तर दोघींनी उचला.

आणि चाला. २०२४ साली ‘द लॅन्सेट’मध्ये ऑस्ट्रेलियातली ७०१ लोकांची चाचणी प्रसिद्ध झाली. कंबरदुखीतून नुकत्याच सावरलेल्यांपैकी एका गटाला हळूहळू वाढवत, आठवड्यातून पाच वेळा अर्धा तास चालण्यापर्यंत आणले. चालणाऱ्यांचे दुखणे साधारण २०८ दिवसांनी परतले. न चालणाऱ्यांचे ११२ दिवसांतच. स्टेशनपासून घरापर्यंतची शेअर रिक्षा आठवड्यातून चार-पाचदा सोडली, तरी यातले बरेचसे साधते.

आधी डॉक्टर केव्हा?

लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटला, जांघांमध्ये बधिरपणा आला, पायातली शक्ती गेली किंवा पाऊल लुळे पडले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. इथे तासांना किंमत आहे. कंबरदुखीबरोबर ताप, वजन घटणे, रात्री झोपू न देणारे दुखणे, पूर्वी झालेला कर्करोग किंवा क्षयरोग, वयस्कर माणसाचे पडणे यांपैकी काही असेल तर व्यायामाआधी तपासणी करून घ्या. मणक्याचा क्षयरोग आपल्या देशात आजही आढळतो आणि त्याचा औषधोपचार वेगळा आहे. चाळिशीच्या आत सकाळची ताठरता अर्ध्या तासाहून जास्त टिकत असेल, तर मणक्याच्या सांध्यांचा दाह तपासावा लागतो. गरोदर स्त्रिया आणि हाडे ठिसूळ झालेल्यांनी हा क्रम फिजिओथेरपिस्टकडून बदलून घ्यावा.

पट्ट्याबद्दलही सांगायला हवे. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीवर पहिल्यांदाच मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यांत व्यायाम आणि दुखण्याची समज देणे यांना स्थान आहे; पट्टे आणि वजन लावून कंबर ताणणे यांचा नेहमीचा वापर करू नये असे म्हटले आहे.

व्यायाम एकट्याने करण्याचा धीर होत नसेल, तर दोन-तीन भेटी फिजिओथेरपिस्टकडे नक्की द्या. त्याच्यासमोर करून पाहिलेला व्यायाम व्हिडिओ पाहून केलेल्यापेक्षा नीट बसतो. खर्चाची अडचण असेल तर मीरा रोडहून चर्चगेटची धीमी लोकल पकडून महालक्ष्मीला उतरा. हाजी अलीजवळ केंद्र सरकारची, १९५५ साली स्थापन झालेली भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. परळच्या केईएम रुग्णालयातही फिजिओथेरपीचा जुना विभाग आहे. पण व्यायाम शिकल्यावर तो रोज घरीच करायचा आहे. यंत्रांचा शेक घेऊन परतणे आणि घरी काही न करणे याने कंबर बळकट होत नाही.

कंबर दुखते म्हणून हालचाल सोडू नका. हालचाल सोडली की ती अधिक दुखते. वरच्या धोक्याच्या खुणांपैकी एकही नसेल तर आज संध्याकाळी सतरंजी पसरा, पहिले चार व्यायाम करा आणि उद्या त्यात पाचवा जोडा. तीन महिने नेमाने करा, आणि घरातल्या ज्या कुणाची कंबर दुखते त्यालाही बरोबर घ्या.